मधल्या मापाची सांगड

फार मागची गोष्ट आहे. एका रुंद नदीच्या मधोमध एक बेट होतं आणि त्या बेटावर एक गाव वसलं होतं. जमीन काळी, कसदार. ज्वारीची ताटं माणसाच्या डोक्यावर जायची आणि प्रत्येक कुंपणावर भोपळ्याचे वेल चढलेले असायचे. गावाला कशाची ददात नव्हती, एका गोष्टीची काळजी मात्र होती. नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरांच्या खिंडीत, कुठल्याशा राजाने पूर्वी एक मोठं तळं बांधलं होतं. त्या तळ्याचा बांध दगडमातीचा होता आणि आता तो जुना झाला होता.

त्या वर्षी पावसाळा सरला, आकाश मोकळं झालं, आणि बांधावरचा राखणदार खाली येऊन सांगून गेला की पायथ्याशी पाणी झिरपतंय. राजाचे गवंडी आले, बघून गेले. तळं भरलेलं असताना हात लावता येणार नाही, पाणी सोडायची मोरी गाळाने बुजली आहे, चैत्रात पाणी उतरलं की काम करू, असं त्यांनी सांगितलं. तोवर गावाने काय करायचं, ते कुणीच सांगितलं नाही.

तेव्हापासून गावाची झोप उडाली. बायका मुलाला घास भरवता भरवता मध्येच उठून घाटावर जायच्या आणि पाणी किती पायऱ्यांवर आहे ते बघून यायच्या. नदीचा आवाज जरा बदलला की माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची. गाव सोडून जावं तर शेतात पीक उभं, दावणीला गुरं, आणि पलीकडे जायला नाव एकच. पाणी आलं तर त्या नावेत कोण बसणार, हा विचार प्रत्येकाच्या मनात यायचा आणि कुणीच तो बोलून दाखवायचं नाही.

गावात हैबती नावाचा एक कारागीर होता. वाळलेले भोपळे दोरीने बांधून तो सांगडी करायचा. सांगड अंगाला बांधली की माणूस पाण्यात बुडत नाही, तरंगत राहतो. कोळी, नावाडी, पोहायला शिकणारी पोरं, सगळे त्याच्याच सांगडी वापरायचे. पाटलांनी त्याला बोलावून घेतलं. पाटील म्हातारे होते, वाळलेल्या काठीसारखे, पण गाव त्यांचा शब्द मानायचं. प्रत्येक माणसासाठी एक सांगड करायची, असं त्यांनी सांगितलं, आणि एक अट घातली.

"सगळ्या सारख्या कर," ते म्हणाले. "पाणी येईल तेव्हा कोण घरी असेल, कोण शेतात, हे कुणी सांगावं? माझी कुठली, तुझी कुठली, हे शोधायला वेळ नसेल. हाताला येईल ती सांगड कुणालाही घालता आली पाहिजे."

हैबतीला हे पटलं. पण सारखी म्हणजे कुणासारखी, हा प्रश्न होता. तो चोख माणूस होता, अंदाजाने काम करणारा नव्हता. सुतळीचं भेंडोळं घेऊन तो घरोघरी गेला आणि लहानथोर सगळ्यांच्या छातीचा घेर त्याने मोजला. प्रत्येकाच्या मापाची सुतळी तोडून घरी आणली. मग अंगणात त्या सुतळ्या ओळीने मांडल्या, सगळ्यांत आखूड एका टोकाला आणि सगळ्यांत लांब दुसऱ्या टोकाला. अगदी मधोमध आलेली सुतळी त्याने उचलली. योगायोग असा की ती त्याच्या स्वतःच्या छातीला बरोबर बसली.

त्या सुतळीच्या मापाने त्याने सगळ्या सांगडी केल्या. अंबाडीच्या धाग्यांचा, म्हणजे वाखाचा रुंद पट्टा, छातीशी दोन भोपळे, पाठीशी एक. पट्ट्याच्या एका टोकाला दोरीचं कडं, दुसऱ्या टोकाला बोटाएवढी लाकडी खुंटी. खुंटी कड्यात अडकवली की काम झालं, घाबरलेल्या हातांनी गाठ मारत बसायला नको. ही युक्ती सुचली तेव्हा हैबती स्वतःवरच खूश झाला होता. नावाड्यांनी सांगडी घालून भर पात्रात उड्या मारल्या आणि हसत वर आले. पाटलांनी चावडीपुढे सगळ्यांदेखत हैबतीच्या डोक्याला पागोटं बांधलं. घरोघर दाराशी, खळ्यावर, गोठ्यात सांगडी टांगल्या गेल्या आणि कितीतरी दिवसांनी गाव शांत झोपलं.

हैबतीची मुलगी चिमी पाच वर्षांची होती. एका सकाळी तिने दाराशी टांगलेली सांगड काढली, डोक्यातून अंगात घातली आणि बापापुढे येऊन हात वर केले. मला पाण्यातून काढा, असा तिचा खेळ होता. हैबतीने हसत वाकून सांगड दोन्ही हातांनी धरली आणि तिला वर उचललं.

सांगड वर आली. चिमी खालीच उभी राहिली.

तिला फार मजा वाटली. पुन्हा करा म्हणून ती मागे लागली. हैबती मात्र रिकामी सांगड हातात धरून तसाच उभा राहिला.

कड्यात खुंटी नीट अडकली नसेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पुन्हा अडकवली, पुन्हा उचलली. पुन्हा तेच झालं. मग तो घरात गेला. त्याची आई माजघरात बसून कडधान्य निवडत होती. तिच्या पाठीला पुष्कळ वर्षांपासून बाक आला होता आणि घाटापर्यंत चालणं तिला जमत नव्हतं, म्हणून तिने सांगड कधी घालून पाहिलीच नव्हती. हैबतीने ती तिला घातली. पाठीचा भोपळा तिच्या कुबडावर टेकला आणि त्याने तिचं डोकं पुढे ढकललं. मान वर करायला सांगितलं तर तिला ती करता येईना. जमिनीवर हे नुसतं गैरसोयीचं दिसत होतं. पाण्यात तिचं तोंड खाली राहिलं असतं. त्याने स्वतःच्या हाताने केलेल्या सांगडीने तिला बुडवलं असतं.

आईला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी पुन्हा खटाटोप करू नकोस, बाळा. गावात एवढी वाकलेली मी एकटीच आहे. बाकीच्यांचं नीट झालंय ना?"

बाकीच्यांचं नीट झालंय का, हे बघायला हैबती बाहेर पडला. पट्टे ढिले झालेत का ते तपासतोय, असं तो सगळ्यांना सांगत होता. तेल्याच्या घरी त्याने सांगड मागितली तर तेल्याची बायको गिरजाकाकी कावरीबावरी झाली. अंगाने ती चांगली भरलेली होती. तिने सांगड आणली तेव्हा खुंटी आणि कडं यांच्यामध्ये जुन्या लुगड्याची एक चिंधी जोडलेली दिसली. तिने खालच्या आवाजात सांगितलं की कुणाला बोलू नकोस, माझंच अंग सुटलंय, त्यात सांगडीचा काय दोष. हैबतीने ती चिंधी बोटाने ओढून पाहिली. ती टर्रकन फाटली.

गुराखी म्हादबा गोठ्यापाशी भेटला. त्याचा डावा हात तरुणपणीच गेला होता. एका हाताने कडं धरू की खुंटी, असं त्याने विचारलं आणि मग स्वतःच हसून म्हणाला की त्या वेळी कुणीतरी अडकवून देईलच, गावात एका हाताचा मी एकटाच आहे.

शेवटी हैबती नावाड्याच्या घरी गेला. नावाड्याची सून सगुणा हिला दिवस गेले होते. मापं घेतली तेव्हा तिचं अंग दिसत नव्हतं, आता सहावा महिना चालू होता. ती जेवायला बसली होती आणि तिची सासू कुरकुर करत होती, की ही पोरगी हल्ली अर्धी भाकरीसुद्धा खात नाही, हिला झालंय तरी काय. सासू पाणी आणायला आत गेली तेव्हा हैबतीने सगुणेला विचारलं. तिने हातातला तुकडा ताटात परत ठेवला.

मग म्हणाली, "खुंटी कड्यापर्यंत पोचत नाही, दादा. थोडं कमी खाल्लं तर पोचेल असं वाटतं."

हैबती तिथून उठला तो कुणाशी न बोलता नदीकाठी जाऊन बसला. पाणी संथ वाहत होतं, त्याला मात्र त्याच्याकडे बघवेना. पोटातलं पोर आणि त्याची आई दोघं उपाशी राहत होती, कशासाठी, तर एका सुतळीच्या मापात बसण्यासाठी. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कुणी तक्रार केली नव्हती. प्रत्येकाला वाटत होतं की सांगड बरोबर आहे, बाकी सगळ्यांना ती बसते, न बसणारा मीच एकटा. प्रत्येक घरात असा एक एकटा होता.

हे पाटलांना सांगायला हवं, हे त्याला कळत होतं. पण गाव आत्ता कुठे झोपायला लागलं होतं. सांगडी निकामी आहेत असं म्हटलं तर लोक नावेवर तुटून पडतील, चेंगराचेंगरी होईल. आणि त्याच्या डोक्यावरचं पागोटं? ज्यांनी ते बांधलं ते पाटील काय म्हणतील? कदाचित बांध फुटणारही नाही. चैत्र तसा फार लांब नव्हता. असं स्वतःला सांगत तो घरी आला, पण जेवण गेलं नाही. बायको तानीने काय झालं ते विचारलं. त्याने सांगितलं तेव्हा तिने चिमीला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

दुसरा दिवसही तसाच गेला. पाटलांच्या वाटेने तो दोनदा निघाला आणि दोनदा परतला. रस्त्यात लोक त्याला थांबवून आशीर्वाद द्यायचे, तुझ्यामुळे जीवाला स्वस्थता आहे म्हणायचे, आणि तो मान हलवून पुढे व्हायचा.

त्याच संध्याकाळी बांधावरचा राखणदार पुन्हा आला. झिरपणारं पाणी आजवर स्वच्छ होतं, आता ते गढूळ यायला लागलंय, असं तो म्हणाला. याचा अर्थ सगळ्यांना समजत होता. पाणी आता बांधाची माती पोखरून घेऊन येत होतं.

हैबती तडक पाटलांच्या घरी गेला. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पाटील ऐकत राहिले. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली, की निदान निम्म्या गावाला तरी त्या नीट बसतात का.

"मधल्या माणसाला बसतात," हैबती म्हणाला. "पण पाटील, सगळं गाव फिरलो. मला मधला माणूस सापडला नाही. कुणाची छाती मापात बसते तर खांदे बसत नाहीत. खांदे बसतात तर पाठ वेगळी. मी सुतळीचं माप घेतलं, माणसाचं नाही."

पाटील रागावतील, असं त्याला वाटलं होतं. पाटील उठले, भिंतीवर टांगलेली आपली सांगड काढली आणि अंगात घातली. ती त्यांच्या हडकुळ्या खांद्यांवरून सरकली आणि भोपळे कानांपर्यंत चढले. ती त्यांनी पहिल्याच दिवशी घालून पाहिली होती. वयाने मी वाळलोय, माझ्या एकट्यासाठी गावाचं काम कशाला अडवायचं, म्हणून ते गप्प बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढे गाव जमलं. हैबतीला बोलायची सवय नव्हती. पागोटं काढून हातात घेऊन तो उभा राहिला. समोर गिरजाकाकी होती, म्हादबा होता, मागच्या बाजूला सगुणा होती.

"सांगड चुकली आहे," तो म्हणाला. "तुमच्या अंगात खोट नाही. कुणी जाड नाही, कुणी वाकडं नाही, कुणी कमी नाही. खोट माझ्या मापात आहे. ज्याला ज्याला सांगड बसत नाही, त्याने पुढे यावं आणि कुठे बसत नाही ते मला दाखवावं."

कुणी हललं नाही. माणसं एकमेकांकडे बघत राहिली. चार लोकांत आपलं अंग मापात बसत नाही असं कोण म्हणणार? तेव्हा पाटीलच पुढे आले, सांगड घालून, कानांपर्यंत भोपळे आलेले. काही पोरं हसली. मग गिरजाकाकी उठली. मग म्हादबा. बघता बघता हैबतीभोवती एवढी गर्दी झाली की बसून राहिलेली माणसं मोजकीच उरली. लोक चकित होऊन एकमेकांना म्हणत होते, तुझंही असंच होतं होय, मला वाटलं माझंच.

आरडाओरडाही झाला. काही जण हैबतीवर तुटून पडले, की इतके दिवस आम्हाला खोट्या भरवशावर झोपवलंस. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. कुणी म्हणालं, आता प्रत्येकाच्या मापाची वेगळी सांगड कर. पण पाटलांची अट अजून तितकीच खरी होती. पाणी आलं तेव्हा ज्याची सांगड घरी आणि जो शेतात, त्याने काय करायचं? सांगड एकच हवी होती आणि ती प्रत्येकाला बसायला हवी होती.

त्या दिवशी हैबतीने सुतळीला हात लावला नाही. एकेकाला समोर बसवून तो विचारत राहिला आणि बघत राहिला. वाकून दाखवा. हात वर करा. पोराला कडेवर घ्या. म्हादबा, तू धोतराची गाठ कशी मारतोस? म्हादबाने दाखवलं. एक टोक तो दातांत धरायचा आणि दुसरं हाताने ओढायचा. हैबतीने त्याला ते तीन-चार वेळा करायला लावलं आणि मग स्वतः एक टोक दातांत धरून पाहिलं.

कडं आणि खुंटी त्याने काढून टाकली. पट्ट्याच्या जागी लांब दोरी घेतली आणि ती दोन भोकांच्या एका लाकडी चकतीतून ओवली. मोकळं टोक ओढलं की दोरी आवळायची, चकती सरकवली की सैल व्हायची. टोक हाताने ओढा नाहीतर दातांनी, चालायचं. जाड अंगाला ती पुरायची आणि पोराच्या अंगालाही घट्ट बसायची. पोरं निसटू नयेत म्हणून दोन पायांमधून एक पट्टी घेतली. भोपळे दोरीवर पक्के न बांधता सरकते ठेवले, म्हणजे ज्याची पाठ वाकलेली त्याने ते बगलेत घ्यावेत आणि जिचं पोट पुढे आलेलं तिने दोरी पोटाच्या वर, काखेखाली बांधावी. पहिली सांगड त्याने आईला घातली आणि तिला खाटेवर घालून घाटावर नेलं. ती पाण्यात उताणी तरंगली. आभाळाकडे बघत ती म्हणाली, की पाठ सरळ टेकून पडल्याला किती वर्षं झाली होती.

मग सगळं गाव कामाला लागलं. वाख वळायचा, दोर पिळायचे, चकत्या पाडायच्या. हात चालू असायचे आणि कान नदीकडे. रोज सकाळी कुणीतरी ओंजळीत पाणी घेऊन बघायचं. पाणी दिवसेंदिवस गढूळ होत होतं. ज्वारी कापायला आली होती, तीही टाकून चालणार नव्हतं, म्हणून निम्मी माणसं शेतात आणि निम्मी दोर पिळायला, अशी धावपळ चालली होती. घाटावर सराव व्हायचा तेव्हा पाटील मुद्दाम एकाची सांगड दुसऱ्याला घालायला लावायचे. सगुणेला आता तिची सासू बळजबरीने दोन भाकऱ्या खाऊ घालायची. जुन्यातल्या काही सांगडी अजून बदलायच्या राहिल्या होत्या. हैबती रोज म्हणायचा, उद्या तेवढ्या करू.

तो उद्या आलाच नाही. पौषातल्या एका सकाळी, उन्हं वर आली असताना, खिंडीकडून शिंगाचा आवाज आला. राखणदार डोंगरावरून शिंग फुंकत होता. हैबती तेव्हा बेटाच्या पार खालच्या टोकाला, कापणीला गेला होता. आई आणि चिमी घरी होत्या, तानी घाटावर. घराकडे धावायचं म्हटलं तर अर्धं बेट ओलांडायला हवं होतं. तो धावला, पण खळ्यापर्यंत पोचतो तोच शेताच्या वरच्या बाजूची झाडं मुळासकट हलताना दिसली. खळ्यावर माणसं सांगडी ओढून घेत होती. नव्या सांगडी संपल्या, शेवटची हैबतीच्या हाती लागली. एक जुनी उरली होती. एका म्हातारबाबांच्या हातात ती होती आणि ते ती उलटसुलट करून बघत होते. हैबतीने आपली नवी त्यांच्या अंगात घातली, दोरी ओढली आणि जुनी स्वतः घेतली. मधलं माप त्याचंच होतं. ती त्याला बसणार, याची त्याला खात्री होती.

पाणी आलं ते भिंतीसारखं नाही, तर सगळीकडून एकदम. पायाखालची जमीन गेली. हैबती वर आला, आणि पट्टा छातीवरून वर सरकून भोपळे त्याच्या गळ्याशी चढले. काळजीने इतके दिवस त्याला धड अन्न गेलं नव्हतं. तो रोडावला होता. जे माप त्याचं होतं, ते आता त्याचं राहिलं नव्हतं. तो पाण्याखाली गेला, वर आला, पुन्हा गेला. नाकातोंडात गाळ भरला. चिमीला सांगड कुणी घातली असेल का, एवढाच एक विचार त्याच्या डोक्यात होता. तेवढ्यात कुणीतरी त्याचे केस धरून त्याला वर ओढलं. गिरजाकाकी होती. नव्या सांगडीत ती पाण्यावर ताठ तरंगत होती आणि तिने त्याची मानगूट धरली ती पुढच्या वळणावर काठ लागेपर्यंत सोडली नाही.

काठावर माणसं चिखलात बसली होती, थरथरत, आपापल्या माणसांची नावं घेत. हैबती त्यांच्यामधून धावत फिरला. तानी सापडली. तिच्याजवळ चिमी नव्हती. दोघं काठाकाठाने वर चालत गेली, प्रत्येक ओल्या पोराचं तोंड बघत, आणि प्रत्येक वेळी ते दुसऱ्याच कुणाचं निघत होतं. एका आंब्याखाली म्हादबा बसला होता. त्याच्या शेजारी हैबतीची आई उताणी पडली होती, दमलेली, पण श्वास चालू होता, आणि आईच्या अंगावर चिमी झोपली होती. म्हादबा म्हणाला की शिंग वाजलं तेव्हा तो हैबतीच्या घरामागच्या गोठ्यात होता, दोघींच्या सांगडी त्यानेच ओढून बांधल्या. दातांनी ओढताना एक दात हलला, तेवढंच.

सगुणा मात्र कुठेच नव्हती. तिचा नवरा काठावर येरझारा घालत होता. सासू एका दगडावर बसली होती, कुणाशी बोलत नव्हती. गावाने पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. बाकी सगळे होते. एक कमी पडत होती. हैबती सासूपाशी जाऊन बसला. त्याला वाटत होतं की तिने काहीतरी बोलावं, शिवी दिली तरी चालेल. ती पाण्याकडे बघत राहिली. दुपार टळली. पाण्यावरून मेलेली गुरं वाहत गेली, छपरं वाहत गेली. प्रत्येक वेळी काळं काही दिसलं की सगळे उठून उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे.

दिवस मावळायच्या सुमाराला खालच्या गावाकडून एक बैलगाडी आली. गाडीत कडब्यावर घोंगडी पांघरून सगुणा बसली होती. पाण्याने तिला फार दूर नेलं होतं, तिथल्या लोकांनी तिला काठाला घेतलं. दोरी काखेखाली तशीच आवळलेली होती. तिने एक हात पोटावर ठेवला होता, आणि गाडी थांबताच तिने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की पोर हलतंय. सासू तेव्हा पहिल्यांदा रडली.

घरं गेली, पीक गेलं, बरीचशी गुरं गेली. पुढचे काही महिने गावाने फार हलाखीत काढले. मग काठावरच्या उंच माळावर नवं गाव वसलं. सगुणेला मुलगा झाला.

पुढे नदीकाठची इतर गावं हैबतीकडे सांगडी मागायला यायला लागली. येणारा माणूस बहुधा विचारायचा, की कुठल्या मापाच्या करशील, आणि मोठं, मधलं, लहान असं काहीतरी ठरवूनच आलेला असायचा. हैबती त्याला बसायला सांगायचा, पाणी द्यायचा आणि म्हणायचा, "माप राहू दे. आधी तुमच्या गावातलं सगळ्यांत म्हातारं, सगळ्यांत लहान आणि जे कधीच काही मागत नाही, अशी तीन माणसं मला दाखवा. काम त्यांच्यापासून सुरू करू."

काही जण वैतागून परत जायचे. पण बहुतेक जण माणसं घेऊन यायचे.

तात्पर्य एवढंच: वस्तू अंगाला बसत नसेल तर अंगाला दोष देऊ नये, वस्तू बदलावी, आणि सगळ्यांसाठी काही करायचं असेल तर मधल्या माणसाला नव्हे, कडेला राहिलेल्यांना समोर बसवून करावं.